मदत हवी आहे : सिसप्लॅटिन आणि श्रवणशक्ती

माझ्या काकांना सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध सुरू होणार असून, या औषधाचा मूत्रपिंडांवर ताण येतो म्हणून शिरेतून भरपूर सलाइन देतात, हे डॉक्टरांनी नीट समजावले आहे. उलट्यांवरही आता चांगली औषधे आहेत. माझी काळजी कानांची आहे. आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशींना इजा होऊन प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि हे नुकसान बहुधा कायमचे असते. काकांना तर दारावरची बेल आताच ऐकू येत नाही. पहिल्या डोसाआधी श्रवणचाचणी केल्यावर पुढे ती किती अंतराने करावी? शिवाय कार्बोप्लॅटिन या त्याच गटातील औषधामुळे कानांना त्रास कमी, पण प्लेटलेट अधिक घटतात, हे लक्षात घेता औषध बदलण्याविषयी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.