विषय: सोलापूरच्या कारखान्यातला अडकणारा कॉम्प्युटर, कुठलं टूल बसवू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या धाकट्या भावाचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात ४ जीबीचा जुना कॉम्प्युटर, त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). डिझाइन आणि बिलं दोन्ही त्याच्यावरच. दुपारनंतर तो अडकतो, माउससुद्धा हलत नाही, मग भाऊ बटण दाबून बंद करतो. परवा अशातच जकार्डची एक डिझाइन गेली. दोन दिवसांचं काम होतं. मला इथून मेलबर्नहून बघता येईल असं काय बसवू? कॉम्प्युटरवर काय चाललंय ते दाखवणाऱ्या टूलमध्ये सिस्टिम मॉनिटर, एचटॉप, बीटॉप ही नावं कानावर आली आहेत.

---

ताई,

मी मूळ नव्या पेठेतला, त्यामुळे लगेच लिहितोय. एचटॉप बसवा.

सिस्टिम मॉनिटर समोर बसणाऱ्यासाठी चांगलं, पण लांबून बघायचं तर अख्खा स्क्रीन नेटवरून ओढावा लागतो, आणि त्या मशीनला आधीच धाप लागली आहे. एचटॉप नुसत्या अक्षरांत चालतं, एसएसएचने (लांबच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, उघडतं. (एसएसएचला पासवर्डने लॉगिन ठेवू नका, त्याऐवजी की-फाइल वापरा.) बीटॉपचे आलेख देखणे आहेत, तरी भावाला फोनवर "वरून तिसरी ओळ वाच" म्हणायचं असेल तर एचटॉपचा तक्ताच सोपा.

उघडल्यावर सीपीयूच्या पट्ट्या बघून थांबू नका. स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) भरत चाललाय का बघा. एफ६ ने मेमरीप्रमाणे ओळी लावा आणि आरईएसचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या मेमरीचा, आकडा वाचा. व्हीआयआरटी (प्रोग्रामने मागून ठेवलेली मेमरी) फुगलेलाच असतो, त्याकडे लक्ष नको. मग 'एस'चा, म्हणजे प्रोग्रामच्या स्थितीचा, रकाना. तिथे 'डी' दिसला तर तो प्रोग्राम बहुतेक डिस्कची वाट बघत अडकलाय. लिनक्स अशांनाही लोडमध्ये (चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी) धरतं, म्हणून सीपीयू रिकामा असूनही लोड चढलेला दिसतो.

बंद करायचं तर एफ९, आणि आधी १५ नंबरचा सिग्नलच द्या. त्यात प्रोग्रामला फाइल मिटून बाहेर पडायची संधी मिळते. ९ ने ती मिळत नाही. आणि बटण दाबणं म्हणजे चालत्या मागावरचा ताणा कापणं, हे भावाला नक्की सांगा.

---

दादा,

काल दुपारी भावाला फोनवर घेऊन बघितलं. सीपीयू १० टक्केही नव्हता, लोड मात्र ५ च्या वर. बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारं आरसिंक 'डी'मध्ये, डिझाइनचा प्रोग्रामही 'डी'मध्ये. बॅकअप जुन्या यूएसबी डिस्कवर जातो, आणि भावाने तो दुपारी दोनला लावून ठेवलाय. १५ दिलं, शेवटी ९ दिलं, आरसिंक जागचं हललं नाही.

---

ताई,

प्रोग्राम 'डी'मध्ये असेपर्यंत ९ सुद्धा लागू होत नाही. डिस्कने उत्तर दिलं की मगच तो मरतो. आता मला त्या डिस्कचीच काळजी वाटते. जुन्या डिझाइन फक्त तिच्यावरच असतील तर आजच्या आज दुसरीकडे उतरवून घ्या, तपासणी नंतर. मग स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या टूलने तिची तब्येत बघू. नवी डिस्क आली की बॅकअप रात्री कारखाना बंद झाल्यावर लावा. उतरवताना काही अडलं तर मला फोन करा, भावाशी मी सरळ बोलतो.