अनुभव धागा : सायलेंट की झालेले सवंगडी

तांब्याची_तार

गेल्या मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी) सेट चाळीस मीटरच्या बँडवर लावून मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. मोर्समध्ये कोणीतरी 'सीक्यू', म्हणजे कोणीही उत्तर द्या अशी हाक, देत होते आणि त्यातल्या 'क्यू'चा शेवटचा डॅश किंचित लांबवलेला होता. गाळणे तसेच ठेवून मी खोलीत धावलो, कारण तो लांबलेला डॅश मी वीस वर्षे एकाच माणसाच्या हातून ऐकला होता, आणि ते परभणीचे काका २०२१ च्या मे महिन्यात गेले. तेलंगणातले कोणी नवे स्टेशन होते. मी उत्तर दिले, ५९९, म्हणजे उत्तम ऐकू येते, असा रिपोर्ट दिला, ७३, म्हणजे शुभेच्छा, म्हटले आणि सेट बंद केला.

ज्यांनी मोर्स ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हाताने की (मोर्सची कळ) चालवणाऱ्या प्रत्येकाची एक ढब असते आणि पत्रावरचे अक्षर ओळखावे तशी ती ओळखता येते. आम्ही तिला नुसते 'हात' म्हणतो. काकांचा हात मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. आमची प्रत्यक्ष भेट वीस वर्षांत एकदाच झाली. मी नांदेडला जाणार होतो आणि ते परभणी स्टेशनावर येणार होते. गाडी थांबली तरी आम्ही दोघेही फलाटावर एकमेकांपासून चार हातांवर उभे राहून एकमेकांना शोधत होतो. शेवटी ते चहावाल्याला म्हणाले, "एक चहा, साखर कमी", आणि मी आवाजावरून वळलो. मी त्यांना उंच समजत होतो, ते मला म्हातारा समजत होते. पुढची तीन मिनिटे आम्ही अँटेनाबद्दल बोललो, कारण दुसरे काय बोलावे हे दोघांनाही सुचेना.

ते गेले तेव्हा आम्हांला बारा दिवस पत्ता नव्हता. सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सर्वांनी एका फ्रिक्वेन्सीवर जमण्याच्या बैठकीत, त्यांची हाक येईना, तेव्हा मीच म्हणालो होतो की काकांचा डायपोल (तारेचा अँटेना) माकडांनी पुन्हा तोडलेला दिसतो, आणि सगळे हसले होते. ते हसणे चालू असताना काका गेलेले होते. नंतर त्यांच्या मुलाचा निरोप आला, दुसऱ्या दिवशी नेट चालवणाऱ्यांनी त्यांचा कॉलसाइन (स्टेशनाची अक्षरे-आकड्यांची खूण) तीनदा पुकारला आणि एक मिनिट सर्वांनी फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवली. आमच्यात गेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात, हा तारायंत्राच्या काळापासूनचा शब्द आहे. त्या मिनिटात फक्त बँडची खरखर होती. आमचे सुतक म्हणाल तर तेवढेच.

आपल्यापैकी ज्यांनी असा माणूस गमावला असेल त्यांनी लिहावे. कॉलसाइन लिहू नयेत, घरच्यांना विचारलेले नसते.

लॅमिंग्टन_रोड

माझ्या ट्रान्समीटरमधली एक कॉइल कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी गुंडाळून पोस्टाने पाठवली होती, कारण माझ्याने वेढे एकसारखे बसत नव्हते. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स या घरी जोडायच्या सेटचे डिझाइन सर्वांसाठी खुले केल्यापासून आमच्यासारखे पुष्कळ लोक सेट घरी बनवू लागले, आणि त्यांपैकी निम्मे तरी या गृहस्थांना विचारून बनवत. पुण्याच्या बुधवार पेठेत कोणता टोरॉइड (कॉइल गुंडाळायचे कडे) अस्सल मिळतो आणि कोणत्या दुकानात रंगवून दिलेला मिळतो, हे त्यांना कोल्हापुरात बसून ठाऊक असे. ते गेल्याला सहा वर्षे झाली. ती कॉइल आता गरम होते आणि फ्रिक्वेन्सी थोडी सरकते. बदलायला दहा मिनिटे लागतील, पण मी सहा वर्षे सेट आधी तापू देतो आणि मग बोलतो.

दहा_मिनिटांची_ओळख

माझी गोष्ट आकाशातली आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट सोडला, आणि आम्हांला आमच्या हक्काचा उपग्रह मिळाला. तो डोक्यावरून जायला दहा-बारा मिनिटे लागत, तेवढ्यात हातातला यागी अँटेना फिरवत, उपग्रहाच्या वेगामुळे (डॉप्लरमुळे) सरकणारा आवाज पकडत बोलायचे. भावनगरचे एक निवृत्त शिक्षक मला जवळजवळ रोज भेटत. दहा मिनिटांत माणूस काय बोलणार? आज मुलाची परीक्षा, उद्या गुडघा, परवा आंबे. पण नऊ वर्षांतली ही दहा-दहा मिनिटे एकत्र केली तर सख्ख्या भावाशी मी तेवढे बोललेलो नाही.

जुलै २०१४ मध्ये उपग्रहाची बॅटरी गेली आणि तो कायमचा बंद झाला. तेव्हा आम्ही पुष्कळ हळहळलो, आठवणी लिहिल्या, जुन्या ध्वनिमुद्रणांची देवघेव केली. मास्तरांकडे एचएफचा, म्हणजे उपग्रहाशिवाय दूरवर बोलण्याचा, अँटेना नव्हता, सोसायटी गच्चीवर तार लावू देत नव्हती. फोन नंबर होता, पण फोनवर काय बोलायचे हा मला प्रश्न पडे, कारण आमची सारी बोलण्याची रीत "आता क्षितिजाखाली जातोय, उद्या भेटू" अशी होती. २०१६ मध्ये दुसऱ्याच एका स्टेशनकडून कळले की मास्तर वर्षापूर्वीच गेले. उपग्रहाचा शोक आम्ही वेळेवर केला होता.

भरती_ओहोटी

मास्तरांचे वाचून थांबले. माझ्याही मनात अजून न केलेला एक फोन आहे. आता कुकर लावते आणि तो फोन करते.

शेवग्याखाली

मी हॅम नाही. माझे बाबा होते. तरी इथे लिहावेसे वाटले, कारण तुम्ही सगळे दुसऱ्या बाजूने लिहीत आहात.

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवसापासून आमच्या मिरजेच्या घरी फोन येऊ लागले. बोलणारे सगळे पुरुष, सगळे अनोळखी, बहुतेक जण आधी आपले नाव न सांगता अक्षरे आणि आकडे सांगत. एक बेळगावचे होते, एक बहुधा केरळचे, त्यांचे हिंदी मला नीट कळले नाही. प्रत्येकाला मला दहावीत किती गुण मिळाले होते ते ठाऊक होते. आईचे गुडघ्याचे ऑपरेशन कोणत्या महिन्यात झाले तेही ठाऊक होते. एकाने तर मला विचारले, "तुम्ही अजून कथक करता का?" मी कथक सातवीत सोडले होते.

खरे सांगायचे तर मला पहिल्यांदा राग आला. घरी बाबा फार बोलत नसत. जेवताना 'मीठ' एवढेच म्हणत. आणि रोज पहाटे त्या खोलीत दार लावून ते सबंध देशाला आमच्या घरातल्या गोष्टी सांगत होते, हे मला ते गेल्यावर कळले. आईला मात्र कशाचेच आश्चर्य वाटले नाही. ती म्हणाली, "त्यांना तोंडासमोर माणूस असला की बोलता येत नसे."

सगळ्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती म्हणजे शेवगा अजून उभा आहे का. बाबांनी तारेचे एक टोक शेवग्याला बांधले होते. शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते ते कोणालाही ठाऊक आहे. दर पावसाळ्यात फांदी मोडायची, तार खाली यायची आणि बाबा दुसऱ्या फांदीला बांधायचे. शेजारी आंबा होता, पण त्यावर चढणे आता जमणार नाही असे म्हणत.

लॅमिंग्टन_रोड

तुमचे बाबा म्हणजे आमचे शेवगेवाले. मी त्यांना नेटवर किमान दहा वेळा सांगितले होते की बांबूचा खांब रोवा. ते म्हणत, "खांबाला शेंगा येत नाहीत." हे उत्तर ऐकायला मिळावे म्हणून पुढे पुढे आम्ही मुद्दाम विचारत असू. तुमचा राग रास्त आहे, पण एक सांगतो, कथकचे त्यांनी पुष्कळ कौतुकाने सांगितले होते आणि ते सोडल्याचे मात्र कधी सांगितले नाही.

फक्त_ऐकणारा

मला बोलण्याचा अधिकार आहे की नाही ते ठाऊक नाही. माझ्याकडे परवाना नाही, मी केवळ रिसीव्हर लावून ऐकतो. दमणगंगेच्या काठच्या एका स्टेशनाचे बोलणे मी आठ वर्षे ऐकले. ते कवठाच्या चटणीची कृती सांगत, ती आमच्या घरी होऊ लागली. ते खोकू लागले तेव्हा मी घरी सांगितले, की त्यांचा खोकला बरा वाटत नाही. मी त्यांना उत्तर देऊच शकत नव्हतो. एकदा मात्र मी श्रोत्याचे कार्ड (ऐकल्याची पोच) पाठवले, आणि पंधरा दिवसांनी त्यांनी नेटवर सांगितले, "नाशिकच्या एका श्रोत्याचे कार्ड आले आहे, भाऊ, ऐकत असाल तर आभार." मी ऐकत होतो. ते गेल्यावर सांत्वन कोणी कोणाचे करायचे? त्यांच्या घरच्यांना मी कोण म्हणून फोन करणार होतो? मी बायकोला सांगितले, तिने त्या दिवशी कवठाची चटणी केली नाही.

तांब्याची_तार

@फक्त_ऐकणारा, तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. त्यांनी तुम्हांला 'भाऊ' म्हटले होते.

जुना_ट्रंक

क्यूएसएल ब्यूरोच्या मार्गाने येणाऱ्या कार्डांना, म्हणजे संभाषणाच्या पोचपावत्यांना, किती वेळ लागतो ते सर्वांना ठाऊकच आहे. मला जपानहून एक कार्ड आले, त्यावर आमच्या संभाषणाची तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी नेहमीप्रमाणे होती, आणि खाली त्या सद्गृहस्थांची थरथरती सही होती. कार्ड हाती पडण्याच्या वर्षभर आधी त्यांच्या नावापुढे सायलेंट की लागलेले होते. मीही त्यांना कार्ड पाठवले होते, ते त्यांना मिळाले की नाही हे कळायला मार्ग नाही. त्या कार्डाच्या पाठीवर चेरीच्या झाडाचे चित्र आहे आणि मी ते बाकीच्यांबरोबर भिंतीवर न लावता लॉगबुकात त्याच पानावर ठेवले आहे.

शेवग्याखाली

सर्वांचे आभार. एक व्यावहारिक प्रश्न आहे. सेटचे काय करायचे ते मामा बघत आहेत, परवाना असलेल्यालाच द्यायचा हे आम्हांला माहीत आहे. पण तार अजून गच्चीपासून शेवग्यापर्यंत आहे आणि आई तिच्यावर कपडे वाळत घालू लागली आहे. याने काही बिघडते का?

लॅमिंग्टन_रोड

ताई, खुशाल वाळत घाला, आमच्यापैकी निम्म्या घरांत तेच चालते. फक्त मध्यभागी बॅलन (तार आणि केबल जोडणारा भाग) असेल, त्यावर ओझे येऊ देऊ नका. आणि तिथून खाली आलेली जाड काळी कोॲक्स केबल सेटला लावलेली असेल तर ती वळवाच्या विजांआधी काढून ठेवा. टोक खिडकीबाहेर, जमिनीजवळ ठेवा.

शेवग्याखाली

काढली. बॅलन म्हणजे मधोमध निळ्या पाण्याच्या पाइपचा तुकडा आहे तोच का? त्यावर बाबांनी मार्करने काहीतरी लिहिले आहे, उन्हाने पुसट झाले आहे, एक आकडा वाचता येतो.

लॅमिंग्टन_रोड

तोच. आकडा ७०५० (किलोहर्ट्झ) असेल, तार त्या फ्रिक्वेन्सीला कापली आहे. रोज सकाळी सातला आम्ही तिथेच असतो.