शेन्झेन "मच्छीमारांचं खेडं" नव्हतं हो!

भोचक_भाऊ:
काल परत एकाने तो मेसेज टाकला, "शेन्झेन १९८० ला मच्छीमारांचं खेडं होतं, ४० वर्षांत पावणेदोन कोटींचं शहर झालं, आणि आपण अजून खड्डे बुजवतोय." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. कुठलं खेडं? चीनमधला बाओआन नावाचा अख्खा तालुका होता तो, तीन लाखांची वस्ती, बाजारपेठ, हाँगकाँगला जाणाऱ्या रेल्वेचं हद्दीवरचं स्टेशन. नदीपलीकडे हाँगकाँगचे कारखानदार पैसा, बंदर, ऑर्डरी घेऊन बसलेलेच होते, त्यांना फक्त स्वस्त जागा आणि मजूर हवे होते. शेजारी असा सावकार असला की कुणाचंही दुकान चालतं.

सोल्डर_गन:
बरं, तालुका तर तालुका. शेजार तर मकाऊचा झुहाईलाही होता, तोही त्याच वर्षी एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) झाला, त्याचं का नाही झालं शेन्झेन? मी २०१६ ला शेन्झेनच्या ह्वाछ्यांगबेईला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो होतो, आमच्या बोर्डवरचा एक कनेक्टर पुण्यात तीन आठवडे मिळत नव्हता. तिथे तिसऱ्या मजल्यावर टेबलाएवढ्या गाळ्यात एक बाई मांडीवर पोरगं घेऊन बसलेली, फोटो बघितला, कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून माझ्यापुढे केला, मी कमी करून दाबला, तिने मान हलवली, दहा मिनिटांत पाचशे नग मोजून टेप गुंडाळून हातात. मोजायचं मशीन पोराच्या खेळण्यासारखं बाजूला पडलेलं. याला काय शेजार म्हणायचं?

चाळकरी:
त्या बाईचं पोरगं शाळेत कुठे जाणार ते विचारलंत का? हुकौ, म्हणजे घराण्याची सरकारी रहिवासी नोंद, गावाकडचा असेल तर सरकारी शाळेत प्रवेश मिळवताना नाकी नऊ येतात. १९९३ ला तिथल्या खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली, ८७ कामगार गेले, बहुतेक गावाकडून आलेल्या पोरी, दारं बंद आणि खिडक्यांना गज. तीन दिवसांत एक मजला चढवला म्हणून तिथल्या एका ५३ मजली टॉवरचं कौतुक सगळे करतात, ते चढवणारे झोपायचे कुठे?

सोल्डर_गन:
झोपायचे गावठाणात, बायशिझोउसारख्या. गाववाल्यांनी आपल्या जागेवर सात-आठ मजली घरं ठोकली आणि बाहेरच्यांना भाड्याने दिली. इतकी खेटून की खिडकीतून शेजाऱ्याशी शेकहँड होतो, म्हणून "हात मिळवायच्या बिल्डिंगी"च म्हणतात त्यांना. स्वस्त भाडं होतं म्हणून तर शहर उभं राहिलं.

उरणचा_राजा:
थांबा, गावठाण म्हणालात म्हणून आलो. म्हणजे तिथे शेतं गेली तरी गाववाल्यांनी घरं बांधली, भाडी खाल्ली, आणि कुणी अतिक्रमण म्हटलं नाही? आमच्याकडे उरणला १९८४ ला सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात जासई-दास्तान आणि नवघर फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचं, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढे प्लॉट परत द्यायचं, घोडं पुढे सरकलं, आणि आमच्या वडिलांचा प्लॉट मिळेपर्यंत त्यांचं वर्षश्राद्ध झालं होतं. गरजेपोटी दोन खोल्या वाढवल्या तर आजही नोटीस येते.

चाळकरी:
राजे, भ्रमात राहू नका, तिथेही त्या घरांना बेकायदाच म्हणायचे, फक्त कामगार राहायला हवे होते म्हणून काणाडोळा. गरज संपल्यावर २०१९ ला बायशिझोउच्या भाडेकरूंना सामान उचलायला सांगितलं. मालकांना भरपाई, भाडेकरूंना टाटा.

उरणचा_राजा:
मालकांना भरपाई तरी मिळाली ना! तेच तर बोलतोय! तुम्हाला भाडेकरूच दिसतात कारण तुम्ही स्वतः भाडेकरू.

चाळकरी:
पागडीवर आहे, आणि त्याचा इथे काय संबंध?

उरणचा_राजा:
जमीन ज्याची गेली त्यालाच कळतं, एवढाच.

भोचक_भाऊ:
अरे धागा शेन्झेनचा आहे, जासईचा नाही. भांडण तिकडे वेगळ्या धाग्यावर न्या.

पीएमटी_ग्रस्त:
मला तुमच्या गावठाणात इंटरेस्ट नाही. २०१७ संपेपर्यंत तिथल्या सगळ्या, म्हणजे १६,००० वर बसेस बॅटरीवर आल्या. मी आज सकाळी स्टॉपवर ४५ मिनिटं उभा होतो, आलेली बस धूर सोडत निघून गेली, थांबलीच नाही. मला हुकौ द्या, मी जातो.

चाळकरी:
जा. शहरातला हुकौ मिळवायला रांग आहे, तिथे तरी वेळेवर पोचा.

भोचक_भाऊ:
सोल्डर, झुहाईचा मुद्दा बरोबर आहे, मान्य करतो, नाइलाजाने. पण खेडं नव्हतं एवढं तरी मान्य?

सोल्डर_गन:
मान्य. पुढच्या वेळी मेसेज फॉरवर्ड करताना "मच्छीमारांचा तालुका" असं करून पाठवीन.