डाळिंबाचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आणून घेतलेलं पीक) धरायचाय, शेततळ्यातलं पाणी जूनपर्यंत पुरेल का? हिशोब कसा लावायचा?

सांगोला_डाळिंब
राम राम मंडळी. तीन एकर भगवा जातीचं डाळिंब, लागण 4.5 × 3 मीटर, ठिबक आहे. विहीर मार्चअखेर तळ गाठते, मग सगळी मदार शेततळ्यावर. तळं 30 × 30 × 3 मीटर, कागद टाकलेला. कोणी सांगतं झाडाला रोज 60 लिटर द्या, कोणी म्हणतं 20 पुष्कळ झाले. उन्हानं उडणार किती आणि झाडं पिणार किती, हे आपलं आपण काढायची पद्धत सांगा. बहारासाठी झाडांची पानं पाडायच्या आधी ठरवायचंय.

वाफसा
राहुरी विद्यापीठाचं 'फुले जल' ॲप बघा. आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राकडं झाडाच्या वयानुसार पाण्याचा तक्ता मिळतो, तो आधी हातात घ्या.

पात्रवाचक
दादा, ॲप वापराच, पण एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळेल.

वेधशाळेत साधारण 120 सेंमी रुंद आणि 25 सेंमी खोल बाष्पीभवन पात्र असतं. त्यातलं पाणी रोज किती मिमी घटलं ते मोजतात. तुमच्याकडं कडक उन्हाळ्यात 10 मिमी धरा. पत्र्याचं पात्र तापतं, म्हणून 0.7 नं गुणायचं : 7 मिमी. हे झालं हवेचं मागणं. त्याला पीक गुणांकानं, म्हणजे त्यातला किती हिस्सा पीक ओढतं त्या आकड्यानं, गुणलं की झाडाचं मागणं निघतं.

भर बहारात गुणांक 0.7 धरू. एका झाडाची जागा 13.5 चौ. मी., त्यातली 45 टक्के सावलीखाली. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. म्हणून 7 × 0.7 × 13.5 × 0.45, जवळपास 30 लिटर. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर 33. झाडाला 4 लिटरचे चार ड्रिपर असतील तर दोन तास मोटर. एकरी 300 झाडं, म्हणजे रोज दहा हजार लिटर.

आता तळं. उतार 1:1 असेल तर त्यात 2,196 घनमीटर, म्हणजे 22 लाख लिटर मावतं. काठोकाठ भरलेलं असताना 7 मिमीनं रोज 6,300 लिटर नुसतं हवेत. पातळी उतरली की पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून सरासरी पाच हजार धरा. 1 एप्रिल ते 15 जून 75 दिवस : तीन एकराला साडेबावीस लाख, उन्हाला चारेक लाख. भागत नाही. दोन एकराला मात्र सगळं मिळून 19 लाख. निवांत.

आटपाडी_रान
काका, पात्र नाही तर घमेलं ठेवून चालेल का?

पात्रवाचक
नको ताई. लहान भांडं लवकर तापतं, आकडा फुगतो. शिवाय चिमण्या पाणी पितात. वेधशाळेच्या पात्रावर जाळी असते ती त्यासाठीच. त्यापेक्षा कागदाचं तळं हेच मोठं पात्र समजा. मोटर बंद असेल तेव्हा पाण्याच्या काठाला कागदावर मार्करनं रेघ मारा, चार-पाच दिवसांनी परत मारा. 1:1 उतारावर दोन रेघांत 14 मिमी अंतर पडलं तर पातळी 10 मिमी उतरली. संध्याकाळी आणि पहाटेही रेघ मारा. वारा नसताना रात्रीही दिवसाइतकंच घटत असेल तर ते बाष्पीभवन नव्हे, कागदाला भोक आहे.

ठिबक_इंजिनिअर
एक दुरुस्ती. काही तक्त्यांतल्या गुणांकात झाडाची सावली आधीच धरलेली असते. तिथं परत 0.45 नं गुणलं तर झाड उपाशी राहील. तक्ता कसला आहे ते वाचूनच घ्या. वर निघालेले 33 लिटरही सुरुवातच समजा. ठिबकच्या खाली फूटभर उकरून माती मुठीत दाबायची. गोळा होत असेल पण हाताला चिकटत नसेल तर वाफसा, म्हणजे हवी तेवढीच ओल आहे. फळ फुगवणीत पाण्याचा चढउतार झाला तर फळं तडकतात, तेव्हा आकड्यापेक्षा नियमितपणा बघा.

सांगोला_डाळिंब
लई उपकार काका. पण तिसऱ्या एकराचं काय करू? झाडं वाळवायची का?

वाफसा
पाचट अंथरा, वाऱ्याच्या बाजूनं तळ्याला शेडनेट लावा. थोडं वाचेल, एकरभर नाही.

आटपाडी_रान
दादा, त्या एकराचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा, धरा. त्याला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, ते एप्रिल-मेमध्येच असतं, म्हणजे पाण्याची ओढ तेव्हा असली तरी चालतं. मात्र पावसाळ्यात तेल्या रोगाचा धोका मोठा, फवारणीचा खर्च आधीच धरा. आणि आपल्याकडं जून कोरडा जातो, खरा पाऊस सप्टेंबरातला. ताण संपवून पहिलं पाणी सोडायला तळ्यात दीड-दोन लाख लिटर मागं ठेवा.

सांगोला_डाळिंब
दोन एकर आंबे, एक एकर मृग. रेघ आज संध्याकाळीच मारतो, आकडे इथं टाकतो.