स्टॉपरचा गुडघा आणि लेडली किंगचं उदाहरण

प्रश्न (भुसावळ): आमच्या फुटबॉल टीममधल्या स्टॉपरचं (मधल्या बचावपटूचं) एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास मॅच आहे. म्हणतो, लेडली किंग सरावाशिवायच खेळायचा. खरं का?

उत्तर (जळगाव): खरं, पण त्याचं दुखणं निराळं. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा बचावपटू किंग, त्याच्या एका गुडघ्यात कूर्चा (हाडांमधली गादी) उरलीच नव्हती. मॅच झाली की गुडघा सुजायचा. म्हणून आठवडाभर पोहणं, जिम, आणि मैदानावर फक्त मॅचला. तरी २००८ चा लीग कप कर्णधार म्हणून जिंकला. २०१२ मध्ये, एकतिशीतच, निवृत्त झाला. निभावलं ते जागा अचूक धरण्यावर. घसरून टॅकल करायची वेळ तो शक्यतो येऊ द्यायचा नाही.

उत्तर (धुळे): एसीएलला सराव टाळून कसं चालेल? मांडी भरून यायला हवी. नऊ महिन्यांआधी मॅच नको, आणि ऑपरेशनच्या एकट्या पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या उडीच्या किमान ९० टक्के हवी. नाहीतर वळताना गुडघा आत पडतो नि नवा लिगामेंटही जातो. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बुटाचा स्टड (तळाचा खुंट) अडकला की पाय तिथंच, अंग फिरतं. भेगा बुजवून आदल्या संध्याकाळी पाणी मारा.

प्रश्नकर्ता: म्हणजे आखाजीला बाकावरच?

उत्तर (धुळे): बाकावरही नको, बदली म्हणून उतरवाल.