पावसात ट्रॅकवर अर्धे झिजलेले टायर पुरतात?

ओलारस्ता (पुणे)

‘सर्किटवारी’ यांनी परवा पावसाळी ट्रॅक डेबद्दल (म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) सल्ला दिलाय. नवीन टायरवर पैसे घालवू नका, निम्मे झिजलेले पुरतात. जमलं तर एक साइझ रुंद बसवा. हवा चार पीएसआयनं उतरवा. त्यातल्या त्यात चांगले दोन पुढे लावा. आणि शेवटी, ‘बाकी सगळं ड्रायव्हरच्या पायात असतं.’ खाली नवख्या पोरांनी ‘धन्यवाद सर, असंच करतो’ लिहिलंय. ते वाचलं आणि गप्प बसवेना.

नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खाच असते. कायद्याची मर्यादा 1.6. निम्मे म्हणजे साडेतीन-चार. सुक्यात त्यानं काही बिघडत नाही, उलट गाडी जास्त घट्ट वाटते. पण पाणी साचलं की टायरनं आधी पाणी बाजूला सारायचं असतं, पकड त्यानंतर. हिशेब करा: जमिनीला टेकणारा पट्टा पंधरा सेंटिमीटर रुंद, पाणी तीन मिलिमीटर, वेग ताशी 100 किमी. एकेका टायरला सेकंदाला बारा लिटरच्या वर पाणी हलवायचंय. म्हणजे दर सेकंदाला एक बादली. ते जाणार खाचांतून. खाचच उरली नाही तर टायर पाण्यावर चढतो, आणि तुमच्या पायात कितीही कसब असलं तरी ते रस्त्यापर्यंत पोचत नाही. रुंद टायरचंही तेच. 185 मिलिमीटर रुंदीच्या जागी 205 चा टाकला की तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरतं आणि ढकलायचं पाणी वाढतं.

आणि चांगले टायर पुढे? हे मी भोगलंय. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ऑगस्ट. पुढे नवेकोरे दोन, मागे तीन मिलिमीटरवर आलेले. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला आभाळ फाटलं. पुढची बाजू इतकी छान धरत होती की मी दर लॅपला थोडा उशिरा ब्रेक मारत गेलो. मग एका वळणावर, ॲक्सिलरेटर जरासा सोडल्यावर, मागची बाजू निघूनच गेली. दोन गिरक्या, गवत, आणि टायरच्या भिंतीच्या दोन हात अलीकडे थांबलो. पुढचे चांगले होते म्हणूनच मागे काही उरलेलं नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच गाडीनं मला बाराशे किलोमीटर घरी यायचं होतं.

पोरांनो, चारही टायर सारखे, पूर्ण खाचेचे, चांगल्या कंपनीचे रस्त्याचे टायर घ्या. दोनच परवडत असतील तर नवे मागे.

सर्किटवारी

माझं नाव घेऊन लिहिलंत, तर उत्तर देणं आलं. मी अकरा वर्षं चेन्नई आणि कोइंबतूरचे ट्रॅक करतोय, पदरच्या पैशानं. तुमचा बादलीचा हिशेब बरोबर असेल, पण त्यात एक गृहीत धरलंय: पाणी तीन मिलिमीटर साचलेलंच राहतं. चेन्नईचा पाऊस पाहिलात ना? पंधरा मिनिटं धो धो, मग ऊन. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये दहाव्या मिनिटाला रेषा, म्हणजे सगळ्या गाड्या जातात तो पट्टा, वाळायला लागते. तेव्हा तुमच्या आठ मिलिमीटरच्या टायरचे ठोकळे डुलायला लागतात, तापतात, कडेनं तुकडे उडतात. नवीन सेट एका दुपारी खराब झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. वीस-बावीस हजारांचा चुराडा. मोठ्या रेसमध्ये सुक्यासाठी नवे टायर मुद्दाम तासून घेतात ते उगीच नाही.

हवेचं तर मी दहा वेळा करून पाहिलंय. ओल्यात टायर तापत नाही. हवा कमी केली की रबर वळवळतं, गरम होतं, धरायला लागतं. हे अनुभवाचं बोलतोय.

करवीर गिअर

चार पीएसआय उतरवायची? आमच्याकडं मोहित्यांच्या गो-कार्ट ट्रॅकवर पाऊस आला की पोरं स्लिक, म्हणजे बिनखाचांचे टायर, काढून खाचांचे टायर लावत्यात आणि हवा वाढवत्यात. चांगली वाढवत्यात. कार्टला सस्पेन्शन नाही, वजन नाही, ती गोष्ट वेगळी. पण पाणी तेच की! तुम्ही सांगताय त्याच्या बरोब्बर उलटं.

आणि हवा विषय निघालाच आहे तर सांगतो. पंपावर नायट्रोजनच्या नावानं एका टायरला वीस-तीस रुपये काढत्यात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतोय. तो पंपावरचा पोरगा आधीची हवा काढतोय का सगळी? वरनंच भरतोय. मग राहिलं काय त्यात!

वऱ्हाडी स्टिअरिंग (नागपूर)

नायट्रोजनला नावं ठेवू नका भाऊ. आमच्याकडे मे महिन्यात 46 डिग्री असते, कोरड्या गॅसनं प्रेशर कमी हलते. मी पाच वर्षांपासून तोच भरून राहिलो, हायवेवर एकदाही टायर फुटला नाही.

करवीर गिअर

माझाबी नाही फुटला, साध्या हवेवर. कोरड्याचा मुद्दा मान्य, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतंय आणि ते टायरमध्ये जातंय. पण मग कोरडी हवा मागा की, नायट्रोजन कशाला?

ओलारस्ता

नायट्रोजन वेगळीकडे घ्या, विनंती. सर्किटवारी, हवा कमी करण्याबद्दल माझा ठाम विरोध आहे. 1960 च्या दशकात नासानं काढलेलं सूत्र आहे: टायर पाण्यावर चढण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. किलोमीटरमध्ये मांडलं तर 25 पीएसआयला साधारण ताशी 83, आणि 36 ला 100. म्हणजे हवा उतरवून तुम्ही गाडीचा तरंगण्याचा वेग खाली आणताय. शिवाय कमी हवेत टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात, पाण्याची वाटच बंद होते.

सर्किटवारी

ते सूत्र विमानाच्या टायरचं आहे साहेब. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचं. आमच्या गाडीचं नाही. आणि ते पाण्याची खोली खाचेपेक्षा जास्त असते तेव्हाचं आहे. रुंदी, लांबी, नक्षी काहीच त्यात नाही. तुम्ही एक गिरकी खाऊन आलात आणि आता वर्गमुळं काढताय. मी अकरा वर्षांत ओल्यात एकदाही भिंतीला लागलेलो नाही.

ओलारस्ता

लागला नाहीत हे तुमचं भाग्य. ते नवख्या पोराला सल्ला म्हणून देता येत नाही. तो तुमच्यासारखा अकरा वर्षं शिकलेला नाही, तो वडिलांची स्विफ्ट घेऊन येतो.

टायरवाल्याची लेक (सांगली)

भांडण थांबवून जरा ऐका. माझं बालपण टायरच्या दुकानात गेलं, आता हिशेब मीच बघते. पुढे नवे की मागे, यावर आमच्या गल्ल्यासमोर रोज वाद होतो. गिऱ्हाईक म्हणतं, ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची, ब्रेकचा भार पुढे, मग नवे पुढेच लावा. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं: पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, माणसाला कळतं, पाय आपोआप सुटतो. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी उलटं तोंड करून उभी असते. म्हणून नवे मागे. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी ते मागेच लावायचे.

दुसरी गोष्ट तुम्ही दोघंही विसरलात. खाच मोजताय, वय कोण बघतंय? टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. माझ्या चुलतभावानं एका ऑटोक्रॉससाठी (माळावर आखलेल्या वाटेवर एकेक गाडी वेळ लावून पळवतात, त्यासाठी) दुसऱ्या गावातून ‘नवे’ टायर आणले, पूर्ण खाच, नव्या टायरवरचे रबरी केसही शाबूत. बनावटीचं वर्ष बघितलं तर पाच वर्षं गोदामात पडलेले, तेही पत्र्याखाली. ओल्या डांबरावर साबण लावल्यासारखे चालत होते. रबर कडक झालं की खाच आठ मिलिमीटर असली तरी धरत नाही. नख रुतवून बघा, नख घसरलं तर टायरही घसरणार.

नाशिकची माती

तुमचं सगळं डांबरावरचं चाललंय. आपल्या राज्यात मोठ्या गाड्यांचे पक्के सर्किट आहेत तरी किती? म्हणून तर बाराशे किलोमीटर जाता. आम्ही बहुतेक हौशी लोक मोकळ्या माळावर ऑटोक्रॉस करतो, आणि पावसात तिथं वेगळाच खेळ असतो. मुरूम असेल तर बरा, पाणी खाली जातं. काळी माती असेल तर दुसऱ्या वळणातच खाचा भरतात आणि नवा टायरसुद्धा गोटा होतो. तुमच्या रस्त्याच्या टायरची बारीक नक्षी तिथं उपयोगाची नाही. मोठे ठोकळे हवेत, मधे भरपूर मोकळी जागा, म्हणजे चाक फिरताना माती भिरकावली जाते. आणि टायर अरुंद हवा, चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागणारा. या एका मुद्द्यावर ओलारस्ता आणि मी एका बाजूला.

पण आयोजकांनी रांगेचा क्रम कसा लावावा यावर कुणी बोलत नाही. ओल्या मातीवर पहिल्या पाच गाड्यांना गुळगुळीत लोणी, नंतरच्यांना कापलेली वाट. वेळ मात्र सगळ्यांची एकाच तक्त्यात. मी तीन वर्षं पहिल्या पाचात निघालोय. हा अन्याय आहे, टायर कुठलेही लावा.

मिडलँड्सकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे ओल्याची कमी नाही, डॉनिंग्टन पार्कच्या सर्किटवर वर्षातून चार-पाच वेळा जातो, त्यातले तीन पावसात. तिथे रेडगेट वळणानंतर क्रेनर कर्व्ह्ज या वळणांचा उतार आहे, पाणी आडवं वाहतं, आणि तिथे कुणाचे टायर काय आहेत ते सगळ्यांना कळतं. ट्रॅक डेवाले हौसेनं टोयो कंपनीचे आर888आर, म्हणजे खास ट्रॅकसाठीचे कमी खाचांचे टायर, लावून येतात. सुक्यात अप्रतिम. पाणी साचलं की तीच माणसं पिटमध्ये चहा पीत बसतात, आणि कुणीतरी साध्या टायरवर मजेत फिरत असतो. त्यामुळे मूळ प्रश्नावर मी ओलारस्ता यांच्या बाजूनं.

एक भर घालतो. इथे टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते, ए, बी वगैरे. लोकांना वाटतं ए म्हणजे पावसाचं सगळं आलं. ती चाचणी ताशी 80 वरून 20 वर ब्रेक मारून घेतात, साधारण एक मिलिमीटर पाण्यात. म्हणजे ती रबराची परीक्षा आहे. डबक्यावर टायर चढतो की नाही, हे त्यात मोजतच नाहीत. भिजलेला रस्ता आणि साचलेलं पाणी हे दोन वेगळे शत्रू आहेत. पहिल्याला मऊ, सिलिकावालं रबर लागतं, दुसऱ्याला खोल खाच. तुमचं भांडण त्यामुळेच सुटत नाहीये: सर्किटवारी पहिल्याबद्दल बोलताहेत, ओलारस्ता दुसऱ्याबद्दल. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा म्हणून दोन टायर असतात. निळ्या पट्टीचा पूर्ण ओल्याचा, 300 च्या वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी फेकणारा, आणि हिरव्या पट्टीचा मधला, 30 लिटरवाला.

हवेचंही तसंच. थंड मोजताय की गरम? सुक्यात तुम्ही 26 भरून निघता आणि तीन लॅपनंतर ती 33-34 होते. दर दहा अंशाला दीड पीएसआयच्या आसपास वाढते. ओल्यात टायर तापत नाही, तेच 26 जेमतेम 28 वर थांबतात. म्हणजे काहीही न करता तुम्ही आधीच पाच-सहानं खाली आहात. त्यात आणखी चार उतरवलेत तर टायर चपटाच. मी थंड हवा तीन-चारनं वाढवून निघतो, आणि परत आलो की गरम मोजतो.

सर्किटवारी

मी कायम थंडच मोजत आलो. गरम मोजायला थांबतं कोण, सेशन संपलं की पुढच्याची रांग असते.

तुमचं थंड-गरमचं गणित वाचून रात्री जुनी वही काढली. ज्या दिवशी हवा उतरवून मला चांगलं वाटलं होतं, त्या सगळ्या नोंदी भिजलेल्या पण पाणी न साचलेल्या ट्रॅकच्या निघाल्या. कोइंबतूरला एकदा साचलेल्या पाण्यात तीच हवा ठेवली होती, तिथे ‘गाडी पुढे ऐकत नाही’ असं माझ्याच हातचं लिहिलंय. तेव्हा मी अलाइनमेंटला दोष दिला होता. हवेचा मुद्दा सोडतो. सरसकट सगळा नाही, साचलेल्या पाण्यापुरता.

पण वाळत्या रेषेबद्दल मी एक पाऊलही मागे घेणार नाही. ज्यानं नवे टायर फाटताना पाहिले नाहीत त्यानं मला शिकवू नये.

ओलारस्ता

वाळत्या रेषेचं बरोबर आहे, माझ्या लेखात ते नव्हतं. रेषा वाळायला लागली की मी अजूनही मुद्दाम ओल्या कडेवरून सरळ पट्टा घेतो, टायर थंड ठेवायला. नवख्याला मात्र मी सांगेन, वाळली की वेग वाढवण्याऐवजी आत ये. आणि पाऊस असताना सुक्याची रेषा सोड. तिथे रबर बसलेलं असतं, ते भिजलं की तेलकट होतं. बाहेरून जा, खडबडीत डांबर शोध, रंगवलेल्या कडेवर चाक घालू नकोस.

पुढे-मागेचं काय, सर्किटवारी? त्यावर तुम्ही अजून बोलला नाहीत.

सर्किटवारी

बोलतो. त्या मुलांना मी खासगीत लिहिलंय, चांगले मागे लावा म्हणून. सांगलीच्या ताईंच्या वडिलांचं वाक्य पटलं, तुमचं सूत्र नाही.

टायरवाल्याची लेक (सांगली)

बाबांना वाचून दाखवलं. ते विचारताहेत, त्या पोरांनी टायरवरचे चार आकडे पाहिले का?