वॉर्ली प्लेस: बाग पुन्हा उभी करायची की रान राहू द्यायचं?

रानजाई: परवा एसेक्समध्ये ब्रेंटवुडजवळच्या वॉर्ली प्लेसला गेले होते. नामवंत इंग्रज बागकर्ती एलेन विल्मॉटची ही बाग. ऐन भरात इथे शंभरावर माळी राबत. १८९७ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश बागकाम संस्थेने व्हिक्टोरिया पदक सुरू केलं, तेव्हाच्या ६० मानकऱ्यांत बायका दोनच: गर्ट्रूड जीकिल आणि ही. १९३४ मध्ये ती गेली, कर्जापायी मालमत्ता विकली गेली, १९३९ ला घरही पाडलं. आता तिथे एसेक्स वाइल्डलाइफ ट्रस्टचं राखीव रान आहे. डॅफोडिल अजून भरभरून येतात, पण यॉर्कच्या बॅकहाउस रोपवाटिकेकडून १८८२ मध्ये रचून घेतलेली दगडी घळ रानात बुडालेली बघून जीव तुटला. निदान तेवढी तरी मोकळी करून पुन्हा लावावी.

पाणकोंबडा: अजिबात पटत नाही. बागांच्या खर्चातच ती बुडाली. फ्रान्स आणि इटलीतल्या बागाही विकाव्या लागल्या. ते ओझं आता कोणी आणि का उचलायचं? शिवाय रानाने सगळं गिळलं असंही नाही. झाडांना पालवी फुटायच्या आत कंद फुलतात, उन्हात पुढच्या वर्षाची शिदोरी भरून घेतात. म्हणून तर डॅफोडिल टिकले.

रानजाई: कंदांचं खरं आहे. पण घळीत होती डोंगरमाथ्यावरची रोपं. त्यांना ऊन लागतं, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. सावलीत आणि कुजक्या पाल्यात ती कशी जगणार? आणि ज्या रानासाठी तुम्ही भांडताय, त्यातला घळीवर माजलेला सिकामोर (मेपलच्या कुळातलं झाड) तरी इंग्लंडचा मूळचा कुठे?

ओली_माती: मी तिथे हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून जाते. सिकामोरचं वीतभर रोप उपटायला गेलं तर मूळ दगडाच्या फटीत अंगठ्याएवढं जाड निघतं. ओढलं की दगडच हलतो. म्हणून बुंध्याशी कापतो, पुन्हा फुटलं की पुन्हा कापतो. रानजाई, तुमची तळमळ कळते, पण इथे नवी लागवड नको. घळीतले दगड जागेवर राहिले तरी आम्ही जिंकलो.

पाणकोंबडा: दगड वाचवायला माझी ना नाही, ताई. पण आज घळ, उद्या काचघर, परवा तिकीटखिडकी. पोकळ बुंध्यांत घरटी करणाऱ्या पाखरांनी मग जायचं कुठे?

रानजाई: तिकीटखिडकी मलाही नकोय. घळीवरची चार-पाच झाडं काढा एवढंच म्हणतेय, तीही घरट्यांचा हंगाम सरल्यावर, पोकळ बुंधे सोडून. ओली_माती, पुढच्या हिवाळ्यात मीही येते करवत धरायला. कुठल्या वारी असता?